सोडायची दोरी

आधी टोस्ट संपवा, मग सांगते.
नकाशावर ती वाट सरळ दिसते, हिरव्या ठिपक्यांची.
नकाशात गाई नसतात.

पहिली दोन कुरणं मेंढ्यांची. त्यांचं काही नाही.
तिसऱ्यात ऑल्डरसनचा बैल असतो, सायलस,
म्हातारा झालाय, भिंतीच्या आडोशाला उन्हात बसून राहतो.
लोक त्याला खडक समजून टेकायला जातात.
टेकू नका.

चौथं मात्र.
दगडी भिंतीला पायऱ्या आहेत, त्या चढा
आणि वरच थांबा. मोजा.
गाई किती, वासरं किती,
आणि असायला हवीत पण दिसत नाहीत अशी किती.
न दिसणारं वासरू उंच गवतात झोपलेलं असतं,
त्याची आई पार दुसऱ्या टोकाला, मान खाली घालून चरत.
त्या दोघांमधली जागा रिकामी दिसते.
रिकामी नसते ती.

ओढ्याकाठानं जा. लांब पडेल, चिखल लागेल,
कुरल पक्षी डोक्यावर ओरडत राहील.
ओरडू दे. बूट वाळवायला माझ्याकडे शेगडी आहे.

गरीब गाय म्हणतात ना,
सहाशे किलोंची गरिबी असते ती.
आणि मे महिन्यात तिच्या आचळाशी
कालपरवा जन्मलेलं काहीतरी लुचत असतं.

कालवडींचं वेगळं. त्या नुसत्या भोचक.
मागे मागे येतील, घोळका करून, मानेवर श्वास सोडत.
पळालात तर त्याही पळतील, त्यांना तो खेळ वाटतो.
वळा, हात पसरा, जागेवर उभे राहा,
म्हणा, बास गं बायांनो.
इंग्लंडच्या राणीलासुद्धा ऐकू जाईल असं नको, साधंच म्हणा.

आता कुत्र्याचं.
दोरीला बांधूनच न्या, आखूड धरून. हे सगळे सांगतात.
पुढचं कुणी सांगत नाही:
गाय अंगावर आली, तर दोरी सोडा.
तिला तुम्ही नको असता.
तिला तो हवा असतो,
लांडग्याचा नातेवाईक, तुमच्या पायाशी लपलेला.
आणि तो पळतो तुमच्याहून जोरात.

एडविनला हे ठाऊक होतं. चाळीस वर्षं
या खोऱ्यातल्या भिंती त्यानं रचल्या, गुरांच्या मधोमध बसून.
ठाऊक असणं डोक्यात असतं,
दोरी हातात असते.
फर्न तेव्हा दहा महिन्यांची. त्यानंच बाटलीनं वाढवलेली.

मी चादरी वाळत घालत होते.
फर्न एकटीच आली टेकडी उतरून, चिखलानं माखलेली,
मागे दोरी फरफटत.

शेजारची ॲग्नेस किंचाळली.
मी कपड्यांच्या टोपलीवर बसले, ओल्या उशीच्या अभ्र्यांवर,
आणि जोरात हसले. वेडी झाले असं वाटलं असेल तिला.
पण दोरी तुटलेली नव्हती हो.
मूठ उघडली होती त्यानं.

भिंतीपलीकडे सापडला, हॉथॉर्नच्या झुडपात,
दोन फासळ्या मोडलेल्या, एक बूट गायब,
आणि डॉर्कसला नावानिशी शिव्या घालत होता.
डॉर्कस अलीकडे वासराला चाटत उभी.
तिला काही आठवतही नसावं.

बूट जुलैत मिळाला. आत गोगलगायी.

फाटकं जशी असतील तशी ठेवा,
उघडं असेल तर उघडं, बंद तर बंद.
शहाणपणा करू नका.

आणि हे काय, मिस्टर प्रिंगल,
मनगटाला वेढे घातलेत तुम्ही.
काढा ते.
हं. आता नुसती धरा.
आवळा मूठ.
सोडा.
तो झोपलाय टेबलाखाली, त्याला काही कळत नाही.
पुन्हा. सोडा.

नाही, बघत बघत नको.
माझ्याकडे बघा, चहा घेता घेता,
आणि मी म्हटलं की सोडा.